स्त्रीरोग विभागाकडे पाठवले

तुमच्या बाबांनी तुम्हाला फोनवर सांगितलं की आजी मेडिकल कॉलेजात जाऊन मोठ्या डॉक्टरांशी भांडली आणि काम सोडून घरी बसली. यातलं पहिलं खरं आहे. दुसरं अर्धंच खरं आहे. काम सोडलं, पण घरी बसले नाही. दर गुरुवारी मी अजूनही तिथे जाते, फक्त दुसऱ्या दाराने. भांडण कशावरून झालं हे त्यांनी सांगितलं नसणार, कारण काही शब्द तुमच्यासमोर उच्चारायला त्यांना संकोच वाटतो. मला वाटत नाही. म्हणून मीच लिहिते, आणि मराठीत लिहिते. माझं इंग्रजी तुमच्या बाबांपेक्षा चांगलं आहे, पण रागवायला मला मराठीच लागते. तुम्ही सावकाश वाचा.

आपल्याकडे सकाळी पोळ्यांना येणाऱ्या मावशी तुम्हाला आठवत असतील. मागच्या खेपेला तुम्ही दोघांनी त्यांच्या परातीत हात घालून ज्वारीच्या पिठाचे गोळे केले होते, आणि त्या म्हणाल्या होत्या, "हे भाकर नाही, हे तर नकाशे होऊन राहिले." त्या भिवापूरकडच्या. लहानपणी आईबरोबर मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरच्या वाळवून निवडायच्या मैदानात, बसून मिरच्यांचे देठ तोडायच्या. लग्नानंतर नागपूरला आल्या. नवरा ऑटो चालवायचा, तो गेला. मुलगी मौद्याला दिलेली. मला त्या काकू म्हणतात, मी त्यांना अगं-तुगं करते, आणि बावीस वर्षं आम्ही एकमेकींचं ऐकत आलो आहोत. भांडण त्यांच्यावरून झालं.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात त्या कणीक मळता मळता म्हणाल्या, "काकू, मले उन्हाळी लागली."

उन्हाळी लागणे म्हणजे लघवीला जळजळ होणे. नागपूरच्या मे महिन्यात निम्म्या घरांत ती कुणाला तरी लागलेली असते, आणि तिचं कुणाला काही वाटत नाही. मी म्हटलं, "पाणी पी."

"पिऊन राहिली ना. माठच्या माठ रिकामा करून राहिली."

मी सब्जा भिजवला, धने-जिऱ्याचं पाणी करून बाटलीत भरून दिलं. आठवड्याने म्हणाल्या, आराम पडला. जूनमध्ये पुन्हा तेच. त्यांच्या वस्तीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आराम पडला. बैलपोळ्याच्या दिवसांत पुन्हा. पुन्हा गोळ्या, पुन्हा आराम. जानेवारीत आम्ही दोघी गच्चीवर ऊन खात वाटाणे सोलत होतो, माझ्या अंगावर शाल होती, आणि त्या म्हणाल्या, "ही उन्हाळी काही जात नाही बा." जानेवारीत. आणि मला काहीच खटकलं नाही. ग्रंथालयात एखादं पुस्तक दोन इंच चुकीच्या जागी असलं तर लांबून ओळखणारी मी, मी म्हटलं, "सब्जा संपलाय का तुझा?"

त्याच दिवशी वाटाणे संपता संपता त्यांनी पुढचं सांगितलं. "मधात मधात लाल जाते. बीट खाल्ल्यावर जाते ना, तसं."

"दुखतं का?"

"दुखत नाही. म्हणून तर बोलली नाही. मले वाटलं पाळी परत आली. या वयात कोणाले सांगाव?" मग त्यांना हसू आलं. "जिंदगीभर मिरचीचे डेठ तोडले, काकू. मिरची अंगात मुरली, आता निघून राहिली."

मी हसले. दोघीही हसलो. ते हसणं मला आता फार टोचतं, पण लिहायचं ठरवलं आहे तर तेही लिहायला हवं.

हसून झाल्यावर मी एक शहाणपणाचा सल्ला दिला. म्हटलं, "बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन ये." त्या गेल्या. डॉक्टरीणबाईंनी गर्भाशय तपासलं, ठीक आहे म्हणाल्या, आणि पुन्हा त्याच जातीच्या गोळ्या लिहून दिल्या. माझं कर्तव्य झालं.

आता याच घरातली दुसरी हकीकत. तीन वर्षांपूर्वी तुमच्या आजोबांना लघवीला जरा वेळ लागू लागला. त्यांनी हे मला सकाळी चहाच्या वेळी सांगितलं, दुपारपर्यंत तुमच्या बाबांना कळलं, आणि आठ दिवसांत त्यांचं रक्त, सोनोग्राफी, तज्ज्ञ, दुसरा तज्ज्ञ, सगळं झालं. काही निघालं नाही. प्रोस्टेट हा शब्द आमच्या डायनिंग टेबलावर लोणच्याच्या बरणीसारखा महिनाभर होता. कुणाला लाज वाटली नाही. आजोबांच्या मित्रांनी फोन करून आपापल्या रिपोर्टचे आकडे सांगितले. त्याच टेबलाच्या चार पावलांवर ओट्याशी मावशी उभ्या होत्या.

फेब्रुवारीत मला कॉलेजातून फोन आला. मी तिथल्या ग्रंथालयात आयुष्य काढलं हे तुम्हाला माहीत आहे. नव्याने लागले तेव्हाचे हेडक्लार्क म्हणाले होते, मूत्ररोगाच्या पुस्तकांचं कपाट मुलीने लावायला नको, शिपायाला सांगू. मी म्हटलं, शिपायाला इंग्रजी येतं का? आणि कपाट लावून टाकलं. त्यानंतर मूत्रपिंड, मूत्राशय, प्रोस्टेट, वृषण, शिश्न हे शब्द मी इतक्या कार्डांवर सुवाच्य अक्षरात लिहिले की लाजायला सवड मिळाली नाही.

फोन मूत्ररोग विभागाच्या प्रमुखांचा होता. ते आमच्याच कॉलेजात शिकले. रेसिडेंट होते तेव्हा ग्रंथालयाची पुस्तकं उशिरा परत करणाऱ्यांत त्यांचा पहिला नंबर. ते म्हणाले, "मॅडम, इन्स्पेक्शन येतंय. आमच्या विभागात मूत्रमार्गाच्या कर्करोगांवर आजवर काय काय संशोधन झालं, त्याचा कल कसा वाढत गेला, असा एक मोठा तक्ता भिंतीवर लावायचाय. जुने प्रबंध, जुने लेख तुमच्याशिवाय कुणाला सापडणार?"

खरं होतं ते. मी गेले. आठवड्यातून तीन दुपारी. तुमचे आजोबा म्हणाले, "निवृत्त झाल्यावर बायका तीर्थयात्रा करतात, तू प्रोस्टेट मोजायला चाललीस." मी डबा घेतला आणि गेले.

लांब वाचन-टेबल मला मोकळं करून दिलं. मी पतंगी कागदाच्या पट्ट्या कापल्या. मूत्रपिंडाला तांबडी, प्रोस्टेटला हिरवी, मूत्राशयाला निळी, अशी. जो प्रबंध किंवा लेख हाती येईल त्याच्या नावाची एक पट्टी, ती टेबलावर अंथरलेल्या कागदावर त्या त्या वर्षापुढे चिकटवायची. कॉम्प्युटरवर हेच काम अर्ध्या तासात होतं असं तिथल्या एका मुलाने मला सांगितलं. मी म्हटलं, जुने प्रबंध कॉम्प्युटरमध्ये कुणी घातलेच नाहीत, तर तो मोजणार काय?

पट्ट्या चिकटत गेल्या तसा टेबलावर एक आकार दिसू लागला. आयुष्यभर त्याच पुस्तकांत वावरूनही तो मला दिसला नव्हता. विभागात नवं यंत्र आलं की पुढची काही वर्षं सगळे प्रबंध त्या यंत्राचे. प्रमुख बदलले की अवयव बदलतो. आधीचे प्रमुख मूत्रपिंडवाले, तोवर टेबल तांबडं. हे प्रोस्टेटवाले, तेव्हापासून टेबल हिरवं. शिश्नाच्या कर्करोगाच्या पट्ट्या जुन्या वर्षांत दाट आहेत, मग विरळ, मग नाहीत. मला वाटलं, बरं झालं, रोग कमी झाला. चहाला बाहेर पडले तर बाकावर रामटेककडचे एक म्हातारेबाबा दुपट्टा मांडीवर पसरून बसलेले. त्यांना तोच रोग. वॉर्डातल्या सिस्टरला विचारलं, असे अजून येतात का? ती म्हणाली, "येतात ना मॅडम, येतातच. गरिबांचा रोग आहे तो. उशिरा येतात अन् कापून जातात. त्याच्यावर लिहून कोणाला कॉन्फरन्सला जायला मिळते?"

पेशंट बाकावर आहेत आणि टेबलावर नाहीत. मला राग यायला सुरुवात झाली ती त्या बाकापाशी.

मी जांभळ्या पट्ट्याही कापून ठेवल्या होत्या. त्या बायकांच्या मूत्राशयासाठी. नीट काम करायचं तर वेगळा रंग हवा, एवढाच विचार. महिना झाला, सगळी कपाटं उघडून झाली, आणि जांभळ्या पट्ट्या रबरबँडमध्ये होत्या तशाच. एकसुद्धा लागली नाही. मला ते पटेना. मला पुसटसं आठवत होतं की कुणीतरी हा विषय माझ्याकडे आणला होता.

आमच्याकडे कॉम्प्युटर येण्याआधी एक पद्धत होती, आणि ती मी घालून दिलेली होती. रेसिडेंटला एखाद्या विषयावर वाचायला हवं असेल तर त्याने पिवळी चिठ्ठी भरायची. नाव, विभाग, विषय, कशासाठी हवं. मी शोधायचं, आणि चिठ्ठीच्या तळाशी काय दिलं किंवा कुठे पाठवलं ते लिहून, सही करून, तारखेप्रमाणे खणात लावायची. एकही चिठ्ठी मी फेकली नाही. माझ्या मागे त्या लाकडी खणांना सगळे हसले, पण हलवायचा कंटाळा केला म्हणून ते तिथेच होते. मी दोन दुपारी ते खण चाळले.

चिठ्ठी सापडली. एका मुलीची. ती मुलगी मला लगेच आठवली. त्या काळात त्या विभागात मुली नसतच, ती एकटी. कपाटांच्या मागे बसून कागदातला चिवडा खायची, मला दिसत असूनही मी तिला हटकायचे नाही. चिठ्ठीत तिने गोल अक्षरात लिहिलं होतं की ज्या प्रौढ बायकांना लघवीतून रक्त जातं पण दुखत नाही, आणि ज्यांना संसर्ग समजून पुन्हा पुन्हा गोळ्या दिल्या जातात, त्यांच्या मूत्राशयाच्या कर्करोगाविषयी काही वाचायला मिळेल का. प्रबंधाचा विषय घ्यायचा विचार आहे.

तळाशी माझं अक्षर. स्त्रीरोग विभागाकडे पाठवले. खाली माझी वळणदार सही.

मी त्या मुलीला तिच्या कपाटापासून उठवून दुसऱ्या कपाटाकडे पाठवलं होतं. पेशंट बायका आहेत, म्हणजे बायकांचं कपाट. मी एवढाच विचार केला असणार, कदाचित तेवढाही नाही. तिला तिथे काय मिळणार? तिने पुढे मुतखड्यावर प्रबंध लिहिला, तो समोरच कपाटात होता.

आणि मग मला जानेवारीतली गच्ची आठवली. वाटाणे आठवले. बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन ये. इतक्या वर्षांनी, शब्दसुद्धा जवळपास तेच.

मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि खण तसाच उघडा ठेवून घरी आले. असं मी नोकरीत कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोळ्या राहू दिल्या आणि मावशींना म्हटलं, तुझ्या डॉक्टरांच्या सगळ्या चिठ्ठ्या घेऊन ये. त्या प्लास्टिकच्या पिशवीत होत्या, देवाच्या फोटोमागे. त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. "काहून जायचं तिथं? दुखत नाही ना काही." ऑटोत बसल्यावर म्हणाल्या, "चार घरच्या पोळ्या बुडाल्या आज. काय सांगू त्यांले?" मी म्हटलं, सांग काकू आजारी आहे.

खिडकीवर नोंदणी करणाऱ्या माणसाने वर न बघता विचारलं, काय त्रास. मी सांगितलं. तो म्हणाला, "बाई आहे ना? मग स्त्रीरोगला. दुसरी बिल्डिंग."

"मूत्ररोगाची चिठ्ठी द्या."

"आजी, ही पुरुषांची लाइन आहे."

"लघवी बायकांना होत नाही का?" मी विचारलं. मागे रांगेत कुणीतरी हसलं. मावशींनी माझा पदर ओढला. "चला ना काकू, लोकं पाहून राहिले." मी म्हटलं, पाहू दे. माझं वय आणि माझं इंग्रजी, दोन्ही एकदम त्याच्या खिडकीवर ठेवलं तेव्हा त्याने चिठ्ठी दिली. मावशी एकट्या आल्या असत्या तर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये गेल्या असत्या, आणि तिथून घरी. एवढ्या मोठ्या बाकावर त्या एकट्याच बाई होत्या. पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या.

मी तोवर बाकावर त्यांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या. जुनी सवय. अकरा निघाल्या. अकराही चिठ्ठ्यांवर गोळ्या होत्या, फक्त कंपनी वेगळी. लघवी तपासा असं दोन ठिकाणी. पोटाची सोनोग्राफी एकाही ठिकाणी नाही. त्या लिहिणारी माणसं न शिकलेली नव्हती. प्रत्येकाने ती बाई पाहिली आणि बाई पाहिल्याबरोबर विचार थांबवला. मी मोजत होते त्या टेबलावर जांभळी पट्टी का नव्हती, ते त्या बाकावर मांडून ठेवलेलं होतं.

प्रमुख साहेब जाता जाता थांबले. "मॅडम, इथे कशा? लायब्ररी तिकडे आहे." मी मावशींना पुढे केलं. ते घाईत होते, तरी सौजन्याने म्हणाले, "इन्फेक्शन असेल. कोर्स देऊ."

"कोर्स अकरा झालेत," मी म्हटलं आणि गठ्ठा हातात दिला. त्यांनी वरच्या दोन पाहिल्या, मग सगळ्या पाहिल्या. मग आतल्या रेसिडेंट मुलीला बोलावून म्हणाले, हिची सोनोग्राफी आज करून घे, आणि दुर्बिणीची तारीख दे. त्यांना हेही श्रेय द्यायला हवं की गठ्ठा त्यांनी पूर्ण पाहिला.

सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ दिसली. दुर्बीण घालून ती खरवडून काढली आणि तुकडे तपासायला पाठवले. रेसिडेंट मुलीने मावशींना कागदावर चित्र काढून समजावलं. ही लघवीची थैली, ही तिची भिंत. गाठ वरवर असेल तर थैली राहते, अधूनमधून दुर्बिणीने बघत राहायचं. गाठ भिंतीच्या मांसात शिरली असेल तर थैली काढावी लागते, आणि लघवीसाठी पोटावर पिशवी लावावी लागते. मावशींनी चित्र नीट पाहिलं. "अन् मिरचीनं झालं का हे?" मुलगी म्हणाली, नाही, मिरचीचा यात काही दोष नाही. मावशींना त्याने बरं वाटलं असं मला दिसलं. आपल्या गावाची मिरची सुटली.

रिपोर्टला काही दिवस लागणार होते. मावशी वॉर्डात, अकरा नंबरच्या खाटेवर. माझा तक्ता पूर्ण झाला होता, तो मी त्याच आठवड्यात दाखवायला नेला. पाच रकाने भरलेले, आणि शेवटी सहावा, जांभळ्या शाईने आखलेला: मूत्राशय, स्त्रिया. त्यात काही नाही.

प्रमुख साहेब खूश झाले. मग म्हणाले, "फक्त हा शेवटचा रकाना काढू या, मॅडम."

"काहून?" मी म्हटलं. चिडले की माझ्या तोंडून नागपूर निघतं.

"रिकामा आहे ना. रिकामा रकाना भिंतीवर कोण लावतो? कमिटी विचारेल."

"विचारू द्या. विचारावं म्हणूनच ठेवलाय."

"आपल्याला कल दाखवायचाय, मॅडम. वाढता कल."

"कल कुठे कधी वळलाच नाही, ते नको का दाखवायला?"

ते हसले. "बायकांमध्ये हा आजार मुळात कमी असतो हो."

"पुरुषांपेक्षा कमी असतो, हे मीही वाचलंय. पण जेवढा असतो तेवढा तरी तुम्हाला वेळेवर सापडतो का? खाट नंबर अकरावर जा आणि तिला विचारा."

तेव्हा ते म्हणाले, आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, तुम्ही लायब्ररियन आहात. तपासणीची बाजू आमच्यावर सोडा."

"सोडली होती," मी म्हटलं. "तुमच्याच विभागातली एक मुलगी हा विषय घेऊन माझ्याकडे आली होती, तेव्हाही सोडली होती. तिला मीच दुसरीकडे पाठवलं. ती चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे, तीही लावा भिंतीवर, माझ्या सहीसकट. आणि डॉक्टर, मूत्राशयावरचं एक पुस्तक तुमच्याकडे राहिलंय, तुम्ही रेसिडेंट असल्यापासून. न वाचता ठेवलं असेल तर परत करा."

तिथे दोन ज्युनिअर डॉक्टर उभे होते, ते भिंतीकडे बघू लागले. मी म्हटलं, रकाना काढायचा तर माझं नावही काढा, आणि बाहेर आले. तुमच्या बाबांना कुणीतरी फोन केला तो इथवरचाच.

रकाना काढला. माझं नाव राहू दिलं. चकचकीत फ्लेक्सवर तो तक्ता आता विभागाच्या दारात आहे, खाली माझे आभार छापलेले आहेत. कमिटी आली, छान म्हणाली, गेली.

रिपोर्ट सोमवारी आला. गाठ मांसात शिरली होती.

रेसिडेंट मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं. मी विचारलं, मागच्या उन्हाळ्यातच बघितलं असतं तर? ती म्हणाली, "तेव्हा कुठपर्यंत होती हे आता कोणीच सांगू शकत नाही, आजी. पण बहुतेक..." मी तिला पुढे बोलायला लावलं नाही. माझा सब्जा, माझं जिऱ्याचं पाणी आणि माझा शहाणपणाचा सल्ला त्या न बोललेल्या वाक्यात होतं. चिठ्ठ्या लिहिणाऱ्या बाकीच्यांचंही होतं. पण त्यांना कुणी सांगणार नाही, म्हणून मी माझ्या वाट्याचं तुम्हाला सांगते आहे.

आधी सलाइनमधून औषधं दिली, मग ऑपरेशन. ऑपरेशन प्रमुख साहेबांनीच केलं, आणि उत्तम केलं. त्यांच्या हातांवर माझा राग नाही. मावशींची मुलगी मौद्याहून येऊन दीड महिना राहिली. पहिले काही दिवस मावशी पोटावरच्या पिशवीकडे बघत नसत. मग एक दिवस म्हणाल्या, "आता बरं आहे काकू. एसटीत बसली की थांबवा म्हणून ओरडाचं काम नाही." मी हसले नाही. त्या म्हणाल्या, "हसा ना वं. मी तुम्हाले हसवून राहिली."

आता त्या दोनच घरच्या पोळ्या करतात, स्टुलावर बसून. गुरुवारी तपासणी असते, मी सोबत जाते. ग्रंथालयाच्या दाराने नाही, ओपीडीच्या दाराने. ती रेसिडेंट मुलगी एकदा मागे लागली म्हणून जुनी पिवळी चिठ्ठी मी तिला दाखवली. तिने चिठ्ठीचा फोटो काढला आणि तोच विषय प्रबंधासाठी मागितला. मंजूर होतो की नाही ते अजून ठरायचं आहे. वाचायच्या लेखांची यादी मागायला ती माझ्याकडे आली, तेव्हा मी तिला कुठेही पाठवलं नाही. स्वतः ग्रंथालयात जाऊन तीन दिवस बसले. आणि जुन्या चिठ्ठीच्या तळाशी, माझ्या सहीखाली, लाल शाईने लिहिलं: चुकीने पाठवले. त्या दिवसाची तारीख घातली आणि खणात लावून टाकली.

मागच्या गुरुवारची गोष्ट. आम्ही बाकावर बसलो होतो. खिडकीपाशी एक बाई उभी होती, पन्नाशीची, हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत चिठ्ठ्या. खिडकीतल्या माणसाने वर न बघता सांगितलं, स्त्रीरोगला, दुसरी बिल्डिंग. ती वळली. मी उठायच्या आत मावशी उठल्या. पोटाशी एक हात धरून, सावकाश, पण उठल्या, आणि तिला दाराशी गाठलं.

"लाल जाते का वं तुले?"

ती बाई दचकली. इकडेतिकडे बघून तिने मान हलवली.

"दुखते?"

"नाही."

"मंग तिकडे नको जाऊ. हे काकू तुले चिठ्ठी काढून देते, त्यांले भांडता येते." आणि त्यांनी तिला हाताला धरून आणलं, पुरुषांच्या त्या बाकावर बसलेल्या दोघांना म्हणाल्या, "सरका गा जरासे," आणि तिला आपल्या शेजारी बसवलं.

मी पर्स घेतली आणि खिडकीकडे गेले.